लंडनच्या दादाला जीवरामचा आवाज

पारोळ्याच्या बाजार समितीत लिलाव पुकारणारा जीवराम हा माझ्या पाहण्यातला सगळ्यात भित्रा माणूस. हे मी त्याला विचारूनच लिहितो आहे. विचारलं तेव्हा तो आधी दाराबाहेर डोकावून आला, मग म्हणाला, "लिखा आबा. पण भित्रा असं नका लिखू. जपीसन रहास, असं लिखा."

तर, जीवराम जपून राहतो. घरात पाल निघाली की तो ओट्यावर जातो आणि त्याची बायको लताबाई झाडू घेते. वीज कडाडली की तो खांबाला धरून बसतो. एकदा बाजाराच्या आवारात ट्रकचा टायर फुटला तेव्हा लिलाव चालू होता. जीवराम क्षणात बैलगाडीखाली गेला आणि मक्याचा भाव त्याने तिथूनच पुकारला. व्यापारी वाकून वाकून बोली देत होते.

पण आवाज! माझी हयात लोकनाट्यात गेली. आमचा फड आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर, शिवरात्रीला मुक्ताईनगर असा खानदेशभर फिरायचा. राजा, दरोडेखोर, रेड्यावर बसलेला यम, सगळी कामं मी केली. गुडघे गेले आणि पारोळ्यात मुलीकडे येऊन बसलो. घुंगरू, ढोलकी, गॅसबत्तीचा सूं सूं आवाज, सगळं मागे राहिलं. इथे एक दिवस बाजारावरून जाताना कानावर एक आवाज आला आणि मी छत्री टेकून उभाच राहिलो. धान्याचे ढीग पडलेले, पुढे व्यापारी, मागे शेतकरी आणि मध्ये हा काडीसारखा माणूस ढिगामागून ढीग पुकारत चाललेला. भोंगा नाही, माईक नाही, तरी शेवटच्या ढिगावरच्या बाईलाही शब्द न् शब्द कळत होता. त्या दिवसापासून मी लिलाव ऐकायला जाऊन बसायला लागलो. घेणं-देणं काही नाही. कोणी कीर्तनाला जातं, मी दादर ज्वारीच्या लिलावाला.

ओळख वाढल्यावर कळलं की हा नकलाही करतो. आमच्या फडात एक रीत होती: सोंगाला आवाज द्यायचा तो जिवंत माणसाचा. राजा करायचा तर एखाद्या पाटलाचं बोलणं महिनाभर ऐकायचं, सावकार करायचा तर सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसायचं. मनाने बनवलेला आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही, असं आमचे वस्ताद सांगत. जीवरामला हे कोणी शिकवलं नव्हतं. भित्र्या माणसाचे कान मुळातच तिखट असतात. कोण कधी चिडेल, कोण कुठून येतोय, हे त्याला आवाजावरून ओळखावं लागतं. त्याच्या घशात अख्खं पारोळं भरलेलं होतं.

अमळनेरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा चंदन नावाचा एक हुशार माणूस आहे. परदेशी सिनेमांना अहिराणी आवाज देऊन ते लोकांच्या मोबाइलवर पाठवायचा त्याला नाद. त्याला एक इंग्रजी सिनेमा मिळाला होता. लंडनमधला एक दादा. कोट घालतो, आवाज कधी चढवत नाही, समोरच्याची विचारपूस करतो आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याचं घर बसतं. शेवटी त्याचाच जुना दोस्त त्याला एका गॅरेजमध्ये गोळी घालतो. चंदनने पुष्कळांचे आवाज घेऊन पाहिले. दादाचा आवाज जमेना. सगळे ओरडत होते. मी म्हटलं, "आमच्या जीवरामला घे."

दुकानाचं शटर ओढून, आत गोधड्या टांगून काम चाललं. जीवराम आधी नाही नाहीच म्हणत होता. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, दोनदा खाकरला आणि बोलला. माझ्या हातातला सुपारी कातरायचा अडकित्ता तसाच राहिला. मऊ, संथ, जवळजवळ प्रेमळ आवाज. प्रत्येक वाक्याआधी एक लहानसा थांबा, जसा मांजर झडप घालण्याआधी थांबतं. "कस काय, राजा? घर बठ्ठा ठीक शेत ना?" घरची विचारपूस, एवढंच. पण चंदनने पंखा बंद केला. म्हणाला, थंडी वाजली.

"हा कोणाचा रे?" मी विचारलं.

"असाच, आबा," जीवराम म्हणाला आणि भिंतीकडेच बघत राहिला.

कागदावर चंदनने लिहिलेलं बोलता बोलता जीवरामने दोन गोष्टी आपल्या पदरच्या घातल्या. एका प्रसंगात दादा एका हॉटेलवाल्याला धमकी देतो. तिथे जीवराम म्हणून गेला, "तुनी इहीर गोड शे, राजा. मिठाच्या गोण्या मनाकडे बी शेत." चंदन हसून हसून खाली बसला. लंडनच्या हॉटेलवाल्याची विहीर! ठेवा म्हणाला, लोक हसतील.

दुसरी गोष्ट शेवटची. इंग्रजी सिनेमातला दादा गोळी लागल्यावर तोंडातून शब्द न काढता पालथा पडतो. जीवरामला ते सहन होईना. तो ओरडला, "माय वं, मी चालनू!"

"जीवरामभाऊ, तो गोरा मुकाट मरस," चंदन म्हणाला. "त्यानं तोंड बंद शे."

"पालथा पडेल शे. तोंड कोणले दिसस? आन् माय तर व्हई ना त्याले?"

आईला हाक न मारता मरणारा माणूस आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही. मीही जीवरामच्या बाजूने बोललो. हाक राहिली.

सिनेमा लोकांपर्यंत गेला आणि काय सांगू, आमच्या फडाला मिळत नव्हती एवढी वाहवा. एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याच्या, पारोळ्याहून धुळ्याला, धुळ्याहून सुरतेला गेलेल्या आपल्या माणसांकडे. बाजारासमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर मतं पडत होती. हमालांपैकी एक म्हणे, "सुटाबुटात मारामाऱ्या करतस. धुवाले कोण, त्यासनी माय येस का?" दुसरा म्हणे, "इतला पानी पडस तठे, पण एक गडी छत्री लईसन येत नही." भाजीवाल्या पुष्पाबाईंचं मत वेगळंच होतं: "दोन तासमा कोणी धड जेवनं नही. भुक्या माणसाले राग येवावच." शाळेतले एक गुरुजी म्हणाले, असे सिनेमे समाजाला घातक आहेत, आणि शेवट पुन्हा एकदा दाखव म्हणाले. विहिरीच्या वाक्याला तर सगळीकडे हशा. "लंडनमा इहीर कोणी खंदी रे, तुना आजानी?"

जीवराम टपरीमागे उभा राहून हे सगळं ऐकायचा. नाव कुठेच दिलेलं नव्हतं, त्याचीच तशी अट होती. चेहऱ्यावर मात्र नवरदेवाचं तेज. मला वाटलं, पडद्यामागे का होईना, या माणसाला त्याचा रंगमंच मिळाला.

मग एका सकाळी चंदनचा फोन आला. त्याने नेटवर टाकलेल्या सिनेमाखाली लोक मतं लिहितात, त्यात कोणीतरी लिहिलं होतं: 'हाऊ आवाज तर आमना प्रेमराज नाना.' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं: 'डोळा मिटीसन आयका. नानाच शे.' त्याखाली बरेच. आणि थोड्या वेळाने सगळ्यांनी आपापलं लिहिलेलं पुसून टाकलं. चंदन म्हणाला, "आबा, लोकांनी लिहिलं त्याची भीती नाही वाटली. पुसलं, त्याची वाटली."

प्रेमराज नाना कोण, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. बोरी नदीच्या कडेला त्याचं घर, घरापुढे वाळूचे डंपर. कोणावर हात उचललेला त्याला कोणी पाहिलेलं नाही. पांढरे कपडे, पायात साधी चप्पल, बोलणं मऊ. पण त्याच्या डंपरांबद्दल तक्रार केलेला माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायचा आणि का घेतली ते बायकोलाही सांगायचा नाही.

मी जीवरामच्या घरी गेलो. तो मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीच्या आडोशाला बसला होता. मला पाहून बोलायला गेला आणि घशातून नुसता वारा आला. आवाज गेला होता. सर्दी नाही, पडसं नाही. भीतीने गेला होता. ज्या आवाजावर पोट, तोच.

"त्याचाच घेतलास?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. मग कुजबुजत, अडखळत सांगितलं. एकदा टपरीवर तो पाठमोरा उभा होता. मागे बाकावर प्रेमराज नाना सुपडूशी बोलत होता. सुपडू म्हणजे नदीकाठचा शेतकरी, त्याच्या बांधावरून डंपर जायचे म्हणून त्याने अर्ज केला होता. ते विहिरीचं आणि मिठाचं वाक्य जीवरामने तिथे ऐकलं. सुपडू उठून गेला, अर्धा चहा तसाच टाकून. जीवरामला मात्र हलता येईना. "आबा," तो कुजबुजला, "त्या दिवशीपासून तो आवाज मना कानमा बसेल व्हता. दुकानमा भाईर काढा, तं बरं वाटनं. वाटनं, गया एकदाना."

जी गोष्ट कोणाजवळ बोलता येत नाही ती सोंगातून बाहेर येते. मी पुष्कळ नटांत हे पाहिलं आहे. पण ते मी त्याला कसं सांगू? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

चंदनने सिनेमा काढून टाकला, पण लोकांच्या मोबाइलमध्ये तो होताच. आणि असा आवाज काढणारा पारोळ्यात दुसरा कोण, हे ओळखायला नाव लागत नव्हतं. जीवराम बाजारात जाईना. समितीने लिलावाला दुसरा माणूस उभा केला, त्याच्या पुकारण्याला व्यापारी हसत आणि भाव पाडून मागत. शेतकरी विचारत, जीवरामभाऊ कुठे. शेवटी लताबाईंनी त्याला हाताला धरून बाजारात आणून सोडलं. तो ढिगांजवळ उभा राहिला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात आवाराच्या फाटकातून एक मोटारसायकल आत आली. त्यावरचा माणूस उतरला, सावकाश चालत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "जीवरामभाऊ, नानानी बलायेल शे. चहाले."

माणसं कशी विरघळतात ते मी पाहिलं. आत्ता होती, आत्ता नाहीत. ढिगांमध्ये फक्त जीवराम, मी, आणि दाणे टिपणारी कबुतरं.

"आबा," त्याचे ओठ हलले, "तुम्ही चाला ना."

खरं सांगतो, माझे पाय नाही म्हणत होते. यमाचं काम करणाऱ्याला यमाची भीती वाटत नाही, असं थोडंच आहे? पण मी उठलो. लताबाई फाटकापर्यंत आल्या. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, "तोंड उघडू नका. हो-नही मान हलाईसन करा." मग पदर तोंडात धरला.

प्रेमराज नानाच्या घराकडे जाणारा रस्ता नदीच्या कडेने जातो. नदी कसली, वाळू उपसून पडलेले खड्डेच. ऊन मी म्हणत होतं. जीवरामने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की नंतर तिथे बोटांचे वळ दिसत होते. अंगणात डंपर उभे, त्यांच्या सावलीत चारपाच माणसं मोबाइल बघत बसलेली. आम्हाला पाहून त्यांनी मोबाइल खिशात घातले.

प्रेमराज नाना बैठकीत होता. उठून उभा राहिला, मला नमस्कार केला. "या आबा. तुम्ही बी संगे उनात, बरं व्हयनं." मग जीवरामकडे बघितलं. लहानसा थांबा. "बस ना, राजा."

तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. दुकानात भिंतीकडून आला होता, अगदी तोच. जीवराम बसला म्हणू की कोसळला म्हणू.

"सिनेमा मी दोनदा देखा," नाना सांगू लागला. "लोकं म्हणतस मना आवाज शे. माले तर तसं काही वाटनं नही. माले तो कोणी दुसराच वाटना. भलता वाईट माणूस." तो खरंच बोलत होता. स्वतःचा आवाज कोणालाच ओळखू येत नाही. माझा आवाज मी पहिल्यांदा टेपवर ऐकला तेव्हा मीही विचारलं होतं, हा रडका कोण. "पण मायनी वळखी लिधा," नाना म्हणाला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज जरा हलला.

मग त्याने सांगितलं. त्याची आई झुंबरबाई, तिची दृष्टी गेलेली. आतल्या खोलीत खाटेवर पडून असते. अंगणातल्या माणसांनी दुपारी सिनेमा मोठ्याने लावला. आतून तिने मुलाचा आवाज ऐकला, दोन तास. आणि शेवटी ऐकलं, 'माय वं, मी चालनू.' ती उठून धावली, उंबऱ्यात पडली. संध्याकाळी मुलगा घरी आला, "माय, मी शे ना," म्हणाला, तर तिने हात झटकला. म्हणाली, मोबाइलमधला बोलतोय. मना पोऱ्या गया. तेव्हापासून त्याच्या हातचा घास तिने घेतला नव्हता. तो बोलला की ती कान झाकते.

"तू मारं, आते तूच ऊठाड," नाना म्हणाला. "नही व्हयनं तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. त्याची वाक्यं अशीच अर्धी असत. उरलेलं ऐकणाऱ्याने पुरं करायचं.

आत गेलो. खाटेवर मूठभर म्हातारी. नाना दाराशी उभा राहिला, त्याच्यामागे माणसं. झुंबरबाईने हवेत हात पुढे केला. जीवराम जवळ बसला तशी तिने त्याचं मनगट पकडलं.

"कोण शे?"

जीवरामच्या घशातून फुसफुस आली. "जीवराम... बाजारमाना."

"हाऊ आवाज नही. तो बोल."

जीवरामने माझ्याकडे पाहिलं. असे डोळे मी कसायाच्या दारातल्या बोकडाचे पाहिले आहेत. मी काय करणार? जे मला येत होतं तेच मी त्याला दिलं. आमच्या फडात वगात जो मरे, तो पडदा पडण्याआधी सगळ्यांसमोर उठून उभा राही, मायबाप प्रेक्षकांना हात जोडी आणि मगच आत जाई. मेलेलं सोंग मेलेलं ठेवून घरी जायचं नाही. "जीवराम," मी म्हटलं, "तुझा दादा अजून पडलेलाच आहे. त्याला उठव."

मग त्याची पाठ हळूहळू ताठ झाली, मान वर आली, आणि गेलेला आवाज कुठून आला देव जाणे. मऊ, संथ, थांबा घेणारा. "माय, मी मरनू नही. देख, मी ऊठनू. ते सोंग व्हतं."

दारातली माणसं मागे सरली. प्रेमराज नानाने चौकट धरली. त्याच्याच घरात, त्याच्याच आवाजात, दुसराच कोणी त्याच्या आईशी बोलत होता.

"माय," नाना म्हणाला.

एकच आवाज, दोन बाजूंनी. म्हातारीची मान इकडून तिकडे वळली. तिने दुसरा हात पुढे केला, नाना खाली बसला, तिने त्याचा गळा चाचपला. मग जीवरामचा. घाटी हलताना बोटांनी पाहिली. पुन्हा मुलाचा चेहरा, कानामागचा व्रण, केस. "तू शेस," ती म्हणाली. "जित्ता शेस." आणि तिने श्वास सोडला. मीही सोडला. मनात म्हटलं, संपलं, आता घरी जाऊ.

पण जीवरामचं मनगट तिने सोडलं नव्हतं.

"आवाज तू याना लिधा," ती त्याला म्हणाली. "शब्द कोना लिधात?"

जीवरामने नानाकडे पाहिलं.

"मी दोन तास आयकं. बाकीना हसी राहिंतात. मी नही हसनू. तो म्हणे, तुनी इहीर गोड शे, मिठाच्या गोण्या मनाकडे बी शेत." तिने ते हुबेहूब म्हटलं, थांब्यासकट. "लंडनमा इहिरी रहातस का, भाऊ? माले काही ठाऊक नही. तू सांग."

सगळ्या पंचक्रोशीने त्या वाक्याला हसून मतं दिली होती. या एका बाईने विचार केला होता.

प्रेमराज नाना आईकडे बघत नव्हता. तो जीवरामकडे बघत होता, अगदी शांतपणे. मी त्या नजरेच्या वाटेत नव्हतो तरी मागे सरकलो. एक शब्द, 'रहातस,' आणि सुटका होती. लंडनमध्ये विहिरी असतात म्हणून कोणाचं काय बिघडणार होतं? मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, असतात म्हण, मोठमोठ्या असतात म्हण.

जीवरामच्या कपाळावरून घाम ओघळून तिच्या हातावर पडला. ती थांबली होती. आंधळ्या माणसाला घाई नसते.

खोटं बोलायला धीर लागतो. तो त्याच्याजवळ नव्हता. स्वतःच्या काडीसारख्या आवाजात तो म्हणाला, "माय, सिनेमामा ते वाक्य नव्हतं."

एवढंच. नाव नाही, गाव नाही. तिने मनगट सोडलं आणि हात पदराला पुसला, जणू आता त्या हाताचं काम झालं.

"परेमराज," ती म्हणाली, "मनी खाट आते बैठकमा टाक. तू जठे लोकसशी बोलस तठे. माले आठे करमत नही."

"माय, तठे लोकं येतस जातस..."

"म्हणूनच."

नानाने मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी मला तो वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा दिसला. दया आली म्हणू का? आली. पण भीती तसूभर कमी झाली नाही. उलट वाढली. ओशाळलेल्या माणसाला मी रागावलेल्या माणसापेक्षा जास्त भितो.

"आन् यास्ले घर तू सोता सोडी ये," म्हातारी म्हणाली. "दुसरं कोणी नही. येल शे तसाच पोचाले पाहिजे. तो पोचना का माले सांग."

तो प्रवास मी विसरणार नाही. पांढरी गाडी, नाना स्वतः चालवत होता, शेजारी जीवराम, मागे मी. काचा बंद. एसीची हवा येत होती आणि जीवराम घामाने निथळत होता. नदीच्या वळणावर, जिथे खड्डे सगळ्यात खोल आहेत, तिथे नानाने गाडी थांबवली. हात चाकावरच ठेवले. समोर बघत बसला. मी दाराची कडी चाचपली. उघडून या गुडघ्यांनी पळणार कुठे, हेही मनात आलं.

"आनखी काय काय आयकेल शे तू मनं?" त्याने विचारलं.

जीवरामने बाहीने घाम पुसला. मला वाटलं आवाज पुन्हा गेला. मग तो म्हणाला, "नाना, मी विसरी जावाना प्रयत्न करस. व्हत नही."

बाहेर एक टिटवी ओरडत खड्ड्यावर घिरट्या घालत होती. नानाने तिच्याकडे पाहिलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग गाडी सुरू केली. जीवरामच्या दारात थांबवली. लताबाई ओट्यावर उभ्या होत्या. गाडी ओळखून त्या भिंतीला टेकल्या. जीवराम उतरला आणि चालत, स्वतःच्या पायांनी चालत घरात गेला. नाना मला म्हणाला, "आबा, मायले सांगजा, पोचाडं." मी नंतर जाऊन सांगून आलो. खाट बैठकीत आलेली होती. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि बैठकीत बसलेले लोक बेताने, शब्द निवडून बोलत होते.

सुपडूच्या बांधावरून डंपर अजून जातात की नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्याने सांगितलंही नसतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जीवराम आला. आवाज बसका होता, पण होता. पहिला ढीग पुकारला, दुसरा पुकारला, व्यापारी पुन्हा घाईने बोली द्यायला लागले. मी माझ्या जागी बसलो होतो. आणि मग आवाराच्या दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली, नानाची पांढरी गाडी येऊन उभी राहिली. कोणी उतरलं नाही. काच अर्धी खाली आली आणि तशीच राहिली.

जीवरामने ती पाहिली. मी त्याला पाहताना पाहिलं. तो अलीकडचे ढीग पुकारत राहिला, एक एक करून. एका ढिगाला तर दोनदा भाव विचारला, गरज नसताना. शेवटी एकच ढीग उरला, चिंचेखालचा, गाडीला लागून. त्याच्याजवळ सुंदरबाई नावाची शेतकरीण मापाच्या पालथ्या पायलीवर बसली होती. सकाळपासून उन्हात.

"जीवरामभाऊ," तिने हाक मारली, "मना ढीग काय पाप करेल शे? इकडे काबर येत नही?"

व्यापारी थांबले. जीवरामने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग डोक्यावरची टोपी नीट केली आणि चिंचेकडे चालू लागला, बाजूबाजूने, कुत्रं बांधलेल्या दारावरून माणूस जातो तसा. ढिगापाशी पोचला, गाडीकडे पाठ करून उभा राहिला, ओंजळीत दादर ज्वारी घेतली, आणि पुकारायला सुरुवात केली. आवाज कापत होता. पण शेवटपर्यंत गेला, फाटकाबाहेरच्या टपरीपर्यंत.